अभ्यासवर्गासाठी : साहित्यातील पात्रे आणि पाण्याचे प्रतीक



कथा-पुराणांतून काही माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. त्यागी राजपुत्र, एकनिष्ठ सेवक, वाट चुकलेला दरोडेखोर. समीक्षक यांना आदिबंध म्हणतात. शब्द जड आहे, माल ओळखीचा आहे. तशाच काही वस्तू येतात. त्या स्वतःपेक्षा अधिक काही सांगू लागल्या की त्यांना प्रतीक म्हणावे. वाचताना एवढेच विचारा : हा साचा कोणाच्या सोयीचा? एकलव्याला आदर्श शिष्य ठरविले की अंगठा मागणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही.

आता त्यागी राजपुत्र घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, असे आपण ऐकत आलो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी हा साचाच नाकारला. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे बुद्धीला कसे पटावे? त्यांनी कारण दिले ते रोहिणी नदीचे. शाक्य आणि कोलिय दोघेही तिच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला, मतदानात तो हरला, आणि परिव्राजक होऊन त्याने देशत्याग पत्करला. हा राजपुत्र प्रेत पाहून भेदरलेला नाही. तो भर सभेत एकटा पडलेला आहे, तरी मत बदलीत नाही.

त्याच ग्रंथात प्रकृती ही चांडालकन्या आहे. आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. तो म्हणतो, मी जात मागितलीच नाही. टागोरांनी याच कथेवर १९३३ साली ‘चंडालिका’ हे नाटक लिहिले. पण पाण्याचे हे प्रतीक पुस्तकात थांबले नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा त्याचा अर्थ निरक्षर माणसालाही कळला.

मुळशीकरांना पाणी वेगळे सांगायला नको. १९२१ साली येथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पां. म. बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. (शाक्यांच्या सेनापतीशी गल्लत नको. त्याला युद्ध हवे होते, हे सत्याग्रही.) तरीही धरण झाले, गावे बुडाली, पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात गेले आणि मुंबईला वीज मिळाली. या गोष्टीचा नायक सर्वांना ठाऊक आहे. पण मोबदला जमिनीच्या मालकाला मिळतो. दुसऱ्याच्या बांधावर राबणारा, गावकीची कामे करणारा आपला माणूस या गोष्टीत कोठे आहे? पुढील वर्गाला येताना घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, लिहून आणा.