कोरल शिकायचंय? आधी सेव्ह करायला शिका

दहावी-बारावीचे निकाल लागले की माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात घरोघरी एकच खल सुरू होतो. पोलीस भरती, नर्सिंग, डी.फार्म. ही नावं घरच्यांच्या ओळखीची असतात. त्यात एखादी मुलगी म्हणते, "मला ग्राफिक डिझाइन करायचंय," आणि घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. दसरा झाला की ऊसतोडीला जायचं, उचल फेडायची आणि उरलेल्यातून क्लासची फी भरायची, असं ज्या घराचं गणित आहे, तिथं "यात पोट भरतं का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

भरतं. फ्लेक्स, लग्नपत्रिका, बिलबुक, दुकानाची पाटी, ट्रॉलीवरचं रेडियम, निवडणुकीतली पत्रकं, हे सगळं कोणीतरी संगणकावर बसून आखत असतं आणि त्यातलं बरंचसं काम तालुक्याच्या गावातच होतं. पण नुसतं चित्र छान काढता आलं म्हणून कोणी कामावर ठेवून घेत नाही. केलेली फाईल नीट सेव्ह करता येते का, ती दुसऱ्याच्या संगणकावर उघडते का, सहा महिन्यांनी मागितली तर सापडते का, यावर दुकानदार माणूस पारखतो. क्लासमध्ये मात्र याला शेवटच्या दिवसाची दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. म्हणून हा लेख.

मोबाईलवर काढलेला फोटो रंगीत ठिपक्यांचा असतो. मोठा केला की ठिपके दिसू लागतात, कडा फाटतात. कोरलड्रॉ (म्हणजेच कोरल), इलस्ट्रेटर, इंकस्केप या सॉफ्टवेअरमधलं चित्र बिंदूंचं आणि ते जोडणाऱ्या वक्ररेषांचं असतं. त्यामागे निव्वळ गणित आहे. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे वळसे आखण्यासाठी १९६० च्या दशकात ज्या वक्ररेषा वापरात आणल्या, त्याच आज पेन टूलच्या मागे आहेत. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरचा लोगो वीस फुटी बॅनरवर नेला तरी त्याची कड स्वच्छ राहते. अर्थात, फाईल वेक्टर म्हणून, म्हणजे अशा रेषांचीच, जपली असेल तरच. जेपीजी तेवढी ठेवली आणि मूळ फाईल उडवली, की उरतात ते पुन्हा ठिपकेच.

आता नेहमी घडणारी गोष्ट पाहा. मुलानं घरी वाढदिवसाचा बॅनर केला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि माजलगावला फ्लेक्सच्या दुकानात गेला. दुकानातलं कोरल जुनं, मुलाचं नवं. नव्या आवृत्तीतली फाईल जुनीत उघडत नाही. हेलपाटा फुकट जातो. वास्तविक उपाय सेव्हच्या चौकटीतच आहे. नाव आणि प्रकार लिहायच्या जागेजवळ आवृत्ती निवडायचा छोटा रकाना असतो. दुकानात एक्स-सेव्हन ही आवृत्ती असेल तर त्या रकान्यात १७ निवडायचं. छपाईवाल्याला आधी फोन करून "तुमच्याकडे कोणतं कोरल आहे?" एवढं विचारलं तरी निम्मा ताप वाचतो.

समजा फाईल उघडली, तरी दुसरी अडचण दबा धरून असते. मजकूर श्रीलिपीत टाइप केलेला आणि तो फाँट दुकानात नाही, तर 'हार्दिक शुभेच्छा'च्या जागी भलत्याच इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. यावर सगळे ऑपरेटर एकच सांगतात, "कर्व्ह करून आण." मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबलं की अक्षरांचे आकार होतात, मग फाँट असो वा नसो, रफार आणि वेलांट्या जागच्या हलत नाहीत. इंकस्केपमध्ये हेच काम शिफ्ट, कंट्रोल आणि सी या तीन कळांनी होतं. मात्र कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन येतो, "सौजन्यमध्ये दाजींचं नाव राहिलं." ज्यानं एकच फाईल ठेवली, तो सगळं पहिल्यापासून टाइप करत बसतो.

म्हणून प्रत्येक कामाच्या दोन फाईली ठेवायच्याच. एक मूळ, मजकुरासकट, बदल करण्याजोगी. दुसरी कर्व्ह केलेली, छपाईला द्यायची. दुकानदार टिफ किंवा जेपीजी मागेल, ती तिसरी. तीही व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर आकसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. नावं 'फायनल', 'फायनल दोन', 'एकदम फायनल' अशी नकोत. गिऱ्हाइकाचं नाव, काम, तारीख आणि कितवा बदल, एवढं नावातच असावं. वर्षानं तोच दुकानदार पाटी मोठी करायला येतो, तेव्हा पाच मिनिटांत फाईल काढून देणाऱ्याकडेच तो पुढची कामं आणतो.

विजेचंही भान हवं. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. कोरल स्वतःहून अधूनमधून बॅकअप घेतं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. दर दोन-चार मिनिटांनी बोट आपोआप कंट्रोल-एसकडे गेलं पाहिजे, आणि आठवड्यातून एकदा सगळं काम दुसऱ्या ड्राइव्हवर.

वेक्टर फाईल जपण्याचा फायदा फ्लेक्सपुरता नाही. रेडियम कापणारा प्लॉटर रेषेवरून चालतो. लेझर आणि सीएनसी मशीनलाही रेषाच लागते. तिथं बहुधा डीएक्सएफ फाईल मागतात. नुसती जेपीजी दिली तर आधी कोणीतरी ती पुन्हा आखून काढतं आणि त्याचे वेगळे पैसे लावतं. फाँटसुद्धा अशाच वक्ररेषांचे असतात. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा मंगल हा फाँट प्रा. र. कृ. जोशींनी आखला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेला मुक्ता तर कोणालाही मोफत वापरता येतो, आणि तो युनिकोड आहे. अक्षरांची आवड असलेल्या मुलांनी ही वाट जरूर लक्षात ठेवावी.

सॉफ्टवेअरच्या खर्चाला घाबरू नका आणि चोरीची प्रतही घेऊ नका. २००३ पासून चालत आलेलं इंकस्केप पूर्ण मोफत आहे, साध्या संगणकावरही चालतं आणि त्याची एसव्हीजी ही फाईल खुल्या मानकाची आहे. कुठल्याही ब्राउजरमध्ये उघडून पाहता येते. हात त्यावर बसवा. तालुक्याच्या बाजारात कोरलच चालतं, तेव्हा ते क्लासमध्ये शिका.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगतो. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा द्याव्यात. दहावीनंतर आयटीआयचा डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. लवकर कमावतं व्हायची गरज असेल तर मी आधी तोच सुचवेन. बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी करता येते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय आपल्याला जवळचं, मुंबईचं जे. जे. तर १८५७ पासूनचं. आयआयटीतल्या डिझाइन पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते आणि तिला कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो.

पालकांनो, फी भरण्याआधी क्लासमध्ये जाऊन एक करा. तिथं शिकणाऱ्या एखाद्या मुलाला महिन्याभरापूर्वी केलेली लग्नपत्रिका उघडायला सांगा. तीत एक नाव बदलायला सांगा, आणि जुन्या कोरलमध्ये उघडेल अशी सेव्ह करून मागा. त्याला हे जमलं तर खुशाल पैसे भरा. तो जेपीजी दाखवत बसला, तर दुसरा क्लास बघा.