काचेच्या फुलांमागचा पक्षितज्ज्ञ

प्रश्न : अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात काचेची हुबेहूब फुले आहेत. त्यांच्या निर्मितीमागे एक जर्मन पक्षितज्ज्ञ होता, असे ऐकले. पक्ष्यांच्या अभ्यासकाचा काचेच्या फुलांशी काय संबंध?

उत्तर : संबंध आहे, पण तो समुद्रामार्गे! हे गृहस्थ म्हणजे लुडविग रायखेनबाख (१७९३–१८७९). लाइपझिगमध्ये वैद्यक आणि निसर्गविज्ञान शिकून १८२०मध्ये ते ड्रेस्डेनला आले. तिथल्या वनस्पती उद्यानाची आणि निसर्गविज्ञान संग्रहालयाची जबाबदारी त्यांनी अनेक दशके सांभाळली. त्यामुळे वनस्पती आणि पक्षी हे दोन्ही त्यांचे विषय. जर्मनी व स्वित्झर्लंडच्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ त्यांनी १८३४मध्ये सुरू केला. तो पुढे चालवला त्यांच्या मुलाने, ऑर्किडतज्ज्ञ हाइनरिख गुस्ताव यांनी. पक्ष्यांवरही रायखेनबाख यांचे सचित्र ग्रंथ आहेत. ड्रेस्डेनमधील मे १८४९च्या उठावात लागलेल्या आगीत संग्रहालयाचा मोठा भाग जळाला आणि तो पुन्हा उभा करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले.

संग्रहालय चालवणाऱ्याला एक अडचण नेहमीचीच असते. वनस्पती दाबून वाळवता येतात, पक्ष्यांत पेंढा भरता येतो. पण सी ॲनिमोन किंवा जेलीफिश अशा मऊ शरीराच्या सागरी जीवांचे काय करणार? मद्यार्कात ठेवले की त्यांचा रंग उडतो, आकार बिघडतो आणि बरणीत उरतो फिकट लगदा.

यावर तोड सापडली ती काचेत. लिओपोल्ड ब्लाश्का हा मूळचा बोहेमियातला काच कारागीर. दागिने आणि काचेचे डोळे बनवणे हा त्याचा धंदा. त्याने केलेली काचेची ऑर्किडे रायखेनबाख यांनी पाहिली आणि १८६३मध्ये त्याच्याकडे सी ॲनिमोनच्या प्रतिकृतींची मागणी नोंदवली. त्या इतक्या जमल्या, की ब्लाश्काने सागरी जीवांचाच व्यवसाय थाटला. पुढे मुलगा रुडॉल्फही हाताशी आला आणि त्यांचा माल जगभरच्या संग्रहालयांत पोहोचला.

हार्वर्डमध्ये पोहोचलेले असेच काही काचेचे जीव पाहून तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गुडेल १८८६मध्ये थेट ड्रेस्डेनला या बापलेकांकडे गेले आणि विद्यार्थ्यांसाठी वनस्पती बनवून देण्याची गळ घातली. बापलेकांचे, आणि बापामागे एकट्या रुडॉल्फचे, हे काम १९३६पर्यंत चालले. त्यातून हजारो प्रतिकृती तयार झाल्या.

रायखेनबाख यांनी स्वतः काचेला हात लावला नाही आणि हार्वर्डची फुले त्यांच्या हयातीत झालीही नाहीत. तेव्हा 'निर्मितीमागे' हा शब्द थोडा सैल पडतो; पण पहिली मागणी त्यांची, एवढे श्रेय निश्चित त्यांचे.