झडीच्या पावसात मुळांचा श्वास जपा

चार-सहा दिवसांची झड लागली की काळ्या जमिनीतले सोयाबीन पिवळे पडू लागते, कपाशी मलूल होते आणि तुरीची वाढ जागीच थांबते. अशा वेळी बहुतेक जण कृषी सेवा केंद्राची वाट धरतात. कुणी युरियाची गोणी आणतो, कुणी टॉनिकची बाटली. खरे दुखणे मात्र मातीखाली असते. मुळे गुदमरलेली असतात.

पान अन्न तयार करते, पण त्या अन्नातून शक्ती काढायला श्वसन लागते आणि ते झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत रात्रंदिवस चालू असते. पानांकडून आलेली साखर मुळांच्या पेशी ऑक्सिजनच्या मदतीने तोडतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडते, मोकळी झालेली काही ऊर्जा ‘एटीपी’ या रेणूत साठवली जाते, बाकीची उष्णतेच्या रूपाने जाते. ऑक्सिजन मिळत असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० एटीपी हाती येतात. तो संपला की पेशी साखर आंबवून कसेबसे दिवस काढते. मद्यार्क तयार होतो आणि एटीपी मिळतात फक्त २. नत्र-पालाश मातीतून आत ओढणे हे ऊर्जेचेच काम. त्यामुळे शेतात खत असूनही पीक उपाशी राहते.

पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. शेत चिबडले की मातीच्या पोकळ्यांतली हवा निघून जाते आणि उरलासुरला ऑक्सिजन मुळे व सूक्ष्मजीव मिळून लवकरच संपवतात. काळी माती ओली झाल्यावर फुगते, भेगा बुजतात, म्हणून तिथे हा त्रास मुरमाड जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. अशा कोंडलेल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर श्वसन करतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. साचलेल्या पाण्यात युरिया फेकू नका, असे आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

पिवळ्या सोयाबीनचे एक झाड खुरप्याने मातीसकट अलगद उचला, मुळे पाण्यात धुवा. टोके पांढरी असतील तर पीक सावरेल. तपकिरी, मऊ आणि वास येणारी असतील तर उशीर होत चालला आहे. मग एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर ती नत्र बांधते आहे. हा रंग गाठीतल्या जिवाणूंना ऑक्सिजन पोचवणाऱ्या प्रथिनाचा. हिरवट किंवा राखाडी निघाली तर काम बंद पडले आहे. ही पाहणी फुकटात होते आणि औषधाच्या कोणत्याही बिलापेक्षा जास्त सांगते.

कपाशीत धोका उघडीप पडल्यावर असतो. कडक ऊन पडते, पाने भराभर पाणी मागतात आणि गुदमरलेली मुळे ते देऊ शकत नाहीत. झाड एकाएकी माना टाकते. हीच आकस्मिक मर. साचलेले पाणी काढल्यावर, लक्षण दिसल्यापासून २४ ते ४८ तासांच्या आत १० लिटर पाण्यात युरिया २०० ग्रॅम, ००:००:५० खत १०० ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड २५ ग्रॅम मिसळून झाडाच्या बुंध्याशी आळवणी करा आणि बुंध्याजवळची माती पायाने दाबून घ्या.

बाकी पिकांत पाणी बाहेर काढणे हाच पहिला उपाय. उताराकडे चर काढा, गरज पडली तर बांध फोडून वाट द्या. शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या म्हणजे भांडण होणार नाही. वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर, बैल काहीही आत घालू नका, ओली माती दबली की उरलेल्या पोकळ्याही जातात. मुठीत दाबलेला मातीचा गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, की डवरणी-कोळपणी करायला हरकत नाही. वरची पपडी मोडली की हवा आत शिरते. मुळे सावरेपर्यंत पानांवाटे थोडा आधार द्यायचा असेल तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम घेऊन फवारा.

कोकणातला भात पाण्यात उभा राहतो, कारण त्याच्या खोडा-मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात आणि पानांतली हवा त्यांतून खाली मुळांपर्यंत पोचते. सोयाबीन, तूर, कपाशीला अशी पुरेशी सोय नाही. म्हणून पुढच्या खरिपात भारी जमिनीवर पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीनेच करा. यंदा सपाट पेरले असेल तर पहिल्या वाफशाला दर चार ओळींनंतर एक सरी पाडून घ्या. उघडीप मिळाल्यावरचा पहिला दिवस फवारणी पंपाला नाही, फावड्याला द्या.