धुऱ्याच्या रक्षणार्थ निर्गुडी

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत पावसाची वाण नाही. परंतु तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या 4 महिन्यांतच पडतो, आणि पुढे मृगापर्यंत जमीन तापत राहते. अशा हवेत उघड्या धुऱ्याची भुसभुशीत झालेली माती पहिल्याच सरींनी वाहून जाते. हा उतार झाकण्यास आपल्याच रानातील निर्गुडी उत्तम, असे आमचे मत आहे.

हिची पाने उग्र वासाची असल्याने गुरे व शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत. मुळे धरल्यावर ही उन्हाळाही सोसते. पावसाच्या आरंभी अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या जून फांद्या निम्म्या मातीत जातील अशा, दीड फूट अंतराने लावाव्या. दोन ओळींतील रोपे समोरासमोर येऊ देऊ नयेत. दुसऱ्या वर्षापासून रोवणीपूर्वी गुडघ्याएवढी उंची ठेवून छाटावी; एरवी ती माणसाहून उंच वाढून धानावर सावली करते. छाटल्याने बुडाशी दाट फुटवे येतात. निघालेला पाला चिखलणीत तुडवावा. सुकवलेला पाला कीड लागू नये म्हणून धान्यात घालण्याची जुनी रीत आहेच.

दोन गोष्टी मात्र टाळाव्या. तलावाच्या पाळीवर निर्गुडी लावू नये. मेलेल्या मुळांच्या वाटेने पाणी पाझरते. तसेच अमेरिकेतून आलेली घाणेरी आयतीच वाढते म्हणून ठेवू नये. ती रान व्यापते व तिचा पाला गुरांस विषारी असतो.

शेतकरी बंधूंनी प्रथम एकाच धुऱ्यावर प्रयोग करावा. नाल्यास गेलेली माती परत येत नाही.