खोट आधी तूच सांग

अगं, बीट्स बनवायचं ते तुझं जुनं यंत्र, तो एमपीसी, विकायचा ठरवलास ना, मग आता त्यावर हळहळत बसू नकोस. तुझं काम लॅपटॉपवर भागतंय. पण म्हणून कुणी मागितला आणि देऊन टाकला, असंही करू नकोस. रविवारी जुन्या बाजारात नेलास तर भंगाराचा भाव येईल.

रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवलेला पहिला एमपीसी ६० आला १९८८ साली. तुझा २००० एक्सएल त्याच घराण्यातला. हिप-हॉपवाल्या जे डिलाचा एमपीसी ३००० तर वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलाय. त्यामुळे ‘एवढ्यात तर नवा येतो’ असं कुणी म्हटलं तरी गडबडून जाऊ नकोस. ज्याला नवा हवाय तो तुझ्या दारात येणारच नाही.

ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन गाजल्यापासून पुण्यात रॅप करणारी पोरं पेठापेठांत भेटतील, पण असलं जुनं यंत्र घेणारे मूठभरच, आणि ते एकमेकांना ओळखून असतात. एकाला फसवलंस की चौघांना कळलंच म्हणून समज. म्हणून जे बिघडलंय ते तूच आधी सांगून टाक. स्क्रीन मंद झालाय? सांग. खालच्या ओळीतलं एखादं पॅड हलक्या टिचकीला दाद देत नाही? तेही सांग. गिऱ्हाइकानं खोट काढली की भाव त्याच्या हातात जातो. तू आधीच सांगितलीस की तुझ्या आकड्यात ती धरलेली असते.

एक साधा व्हिडिओ काढ, मध्ये न थांबवता: सुरू केला, फ्लॉपी वाचली, सोळाच्या सोळा पॅड एकेक करून वाजवली, चाक फिरवलं. मागच्या बाजूचं व्होल्टेजचं लेबल जवळून दाखव. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असेल आणि कुणी थेट आपल्या २३० च्या प्लगात खुपसला, तर जळालाच. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असेल तर तोही सोबत दे. नसेल तर तसं बोल, तापकीर गल्लीत चौकशी करेल तो.

आणि हो, आधी तुझे बीट्स काढून घे. बंद केला की मेमरीतलं सगळं जातं, उरतं ते फ्लॉपीवरचं. एका फ्लॉपीत स्टिरिओ आवाज मावतो जेमतेम आठ सेकंद, म्हणजे तुझ्या त्या डबाभर फ्लॉप्या एकेक करून लावाव्या लागणार. प्रत्येक ट्रॅक वेगळा लॅपटॉपवर घे. कंटाळा येईल, पण यंत्र विकलं की ते परत वाजवायला काही उरणार नाही.

भाव ठरवताना लोक काय मागतात ते बघू नकोस, प्रत्यक्षात कितीला गेले ते बघ. पैसे यूपीआयनं घेणार असशील तर लक्षात ठेव, पैसे यायला पिन लागत नाही. ‘क्यूआर पाठवतो, पिन टाका’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेव. गिऱ्हाईक घरी येणार असेल तेव्हा दादाला थांबवून घे. बँकेत जमा झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय वायरसुद्धा हातात देऊ नकोस.

पहिला फोन येईल तो ‘लास्ट किती?’ एवढंच विचारणारा. त्याच्याशी फोनवर घासाघीस करू नकोस. म्हण, ‘आधी येऊन वाजवून तर बघ.’ जो येईल, तोच घेईल.