कळ एक, कामे दोन

गतवर्षीच्या आपल्या वार्षिकांकात प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीची कविता छापली होती. तिच्या शेवटच्या ओळीतील 'माळ' हा शब्द 'माळै' असा छापला गेला. तिची छापून आलेली ती पहिलीच कविता. अंक हाती पडल्यावर तिने मला विचारले, "दादा, हा शब्द कुठला हो?" एका प्राध्यापकांना तर ते मावळी बोलीतले रूप वाटले आणि त्यांनी तिचे कौतुकही केले! अंकाची पाने मी लावली होती. मात्राही माझीच होती. ती तेथे कशी जाऊन बसली याचा शोध घेताना जे शिकलो, ते यापुढे पाने लावणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

संगणकावर पाने लावण्याची सोय आल्डस कंपनीच्या पेजमेकरने १९८५ साली घरोघरच्या छापखान्यांच्या आवाक्यात आणली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याआधीच, १९९९ मध्ये, अडोबी कंपनीने इनडिझाइन काढले होते. आपण तेच वापरतो. त्यात माऊसने मेनू उघडून करावयाची बहुतेक कामे कळा दाबूनही होतात. काही आज्ञा कंट्रोलच्या जोडीने द्यायच्या असतात. उदाहरणार्थ, कंट्रोल व डी दाबले की चित्र आणता येते. काही मात्र एकट्या कळेच्या. डब्ल्यू ही त्यांतलीच. ती दाबली की चौकटी, रेषा नाहीशा होतात आणि पान छापल्यावर दिसेल तसे दिसते. पाने लावणारा माणूस ती तासाला पन्नासदा दाबतो. बोटाला सवयच लागते.

गोम अशी की, कर्सर मजकुरात असेल तर हीच कळ आज्ञा राहत नाही, अक्षर होते. मी टंकलेखन इनस्क्रिप्टने करतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकातील या मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. के वर क, शिफ्टसह ख. एन वर ल, शिफ्टसह ळ. मांडणी खरोखर शास्त्रशुद्ध आहे. मात्र तीत डब्ल्यूच्या जागी ऐकाराची मात्रा येते. इंग्रजी मजकुरात असा आगंतुक डब्ल्यू घुसला तर तो शब्दाला चिकटून बसला तरी वेगळा उठून दिसतो. आपली मात्रा आधीच्या अक्षराच्या डोक्यावर चढते आणि घरच्यासारखी राहते. मुद्रिते वाचणाऱ्या तिघांपैकी एकालाही ती दिसली नाही.

उपाय दोन. पहिला सवयीचा: आधी एस्केप दाबून मजकुरातून बाहेर यावे. रात्री अकरा वाजता ही सवय टिकत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. दुसरा उपाय कळाच बदलण्याचा. एडिट मेनूच्या तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स' आहे. मूळ संच बदलता येत नाही, म्हणून 'न्यू सेट' घेऊन आपला संच करावा. मग आज्ञा निवडून, जुनी कळ 'रिमूव्ह'ने काढून, नव्या रकान्यात कंट्रोलसह नवी जोडी दाबावी. ती जोडी आधीच दुसऱ्या कामाला लावलेली असेल तर तेथेच तसे दिसते. न वाचता 'असाइन' करू नये. मी डब्ल्यू काढून टाकली. अक्षरांच्या कळा अक्षरांनाच राहू द्याव्यात असे माझे मत आहे.

शीर्षक, लेखकाचे नाव, मजकूर यांच्या शैलींनाही कळा देता येतात, मात्र त्या उजवीकडच्या आकड्यांच्या गटावरच, कंट्रोल, ऑल्ट वा शिफ्टसह. नम लॉकही चालू हवे. येथे ऑल्ट टाळावे. युनिकोडपूर्व फाँटांवर काम केलेले लोक ऑल्ट धरून त्याच गटावर क्रमांक टंकतात व अडलेले जोडाक्षर आणतात. त्यांच्या हातातले काम मोडते. माझ्या लॅपटॉपला हा गटच नाही. शेवटी आकड्यांचा सुटा कळफलक विकत घेतला.

आणखी एक. घोरावाडीहून लोकलने तळेगावच्या डीटीपी केंद्रात गेलो आणि तेथील संगणकावर फाइल उघडली, तेव्हा शैलींच्या कळा चालल्या, पण माझा संच तेथे नव्हता. शैलींच्या कळा फाइलबरोबर जातात. शॉर्टकटांचा संच ज्या त्या संगणकावर राहतो. तो 'शॉर्टकट सेट्स' नावाच्या फोल्डरमधून पेनड्राइव्हवर घेऊन जावा. मी नेला नव्हता. सवयीने डब्ल्यू दाबली आणि संपादकीयात मात्रा पडली. या खेपेस मात्र ती लगेच दिसली.

छपाईला पाठविण्यापूर्वी कंट्रोल व एफ दाबून नुसती ऐकाराची मात्रा शोधावी. दैनिक, मैत्री, वैशाख असे शब्द वगळता मराठीत ती फारशी येत नाही, त्यामुळे सबंध अंक तपासायला फार वेळ लागत नाही. याच लेखातील 'माळै' तेवढे तसेच ठेवावे, ही मुद्रिते वाचणाऱ्यांना विनंती.