पारायण आणि पुनर्दर्शन : 'संत तुकाराम' (१९३६) पुन्हा पाहताना

एकदा आवडलेला चित्रपट पुन्हा पाहावासा का वाटतो, हा प्रश्न वरवर पाहता केवळ रंजनाच्या क्षेत्रातला आहे. कथा ठाऊक झालेली असते, शेवट ठाऊक असतो, कोणत्या प्रसंगी डोळ्यांत पाणी येणार हेही ठाऊक असते. आणि तरीही त्या प्रसंगी ते येतेच. कवितेच्या बाबतीत पुनर्वाचन हा आस्वादाचा अपरिहार्य भाग मानला जातो. चित्रपट मात्र एकदा पाहिला की संपला, अशी एक समजूत आपल्या साहित्यविचारात नकळत रूढ झालेली दिसते. तोच चित्रपट पुनःपुन्हा पाहणारा प्रेक्षक एक तर भाबडा ठरतो किंवा छंदिष्ट. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या एकाच चित्रपटाच्या आधारे करावयाची आहे. हे पुनर्दर्शन एका विशिष्ट ठिकाणी उभे राहून केलेले आहे. देहू-आळंदीच्या परिसरातून नव्हे, तर यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या कापसाच्या मुलुखातील गावातून हा चित्रपट कसा दिसतो, हा या विवेचनाचा अखेरचा आणि महत्त्वाचा टप्पा आहे.

चित्रपटाची बाह्य हकिकत सर्वपरिचित आहे. ती थोडक्यात नोंदवणे पुरे. विष्णुपंत गोविंद दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात तो सलग ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. या ५७ आठवड्यांत एकाहून अधिक वेळा आलेले प्रेक्षक किती होते याची मोजदाद कोणी ठेवली नाही. परंतु एवढा काळ एकाच पडद्यावर राहणारा चित्रपट केवळ नव्या प्रेक्षकांच्या बळावर राहिला असेल, असे मानणे कठीण आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९३६ साली तिकीट काढून आत बसलेला मराठी प्रेक्षक तुकारामाची कथा ऐकण्यासाठी आलेला नव्हता. महीपतीच्या 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' या ग्रंथांतून आणि त्याहूनही अधिक कीर्तनांतून ती त्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेली होती. गाथा बुडणार, तेरा दिवसांनी तरणार आणि शेवटी विमान येणार, हे पहिल्या खेळाच्या पहिल्या प्रेक्षकालाही माहीत होते. म्हणजेच या चित्रपटाचे 'प्रथमदर्शन' असे काही नव्हतेच. प्रत्येक दर्शन हे मुळात पुनर्दर्शन होते. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा वारकरी पुढच्या ओवीत काय येणार या उत्सुकतेने पान उलटत नाही. 'पुढे काय?' हा प्रश्न आधीच मिटलेला असल्यामुळे त्याचे लक्ष मोकळे होते आणि ते शब्दाकडे, स्वराकडे, मागच्या खेपेस निसटलेल्या एखाद्या दृष्टान्ताकडे वळते. पारायणात पुण्यसंचयाची कल्पना आहे हे खरे. पण तीत अवधानाची ही शिस्तही आहे, आणि तिच्याकडे साहित्यविचाराने पुरेसे पाहिलेले नाही.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनात मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना या संदर्भात उपयोगी पडते. वाङ्मयाचा आस्वाद घेणारा दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो आणि त्याच वेळी स्वतःचे भान राखतो, असा तिचा थोडक्यात आशय. मात्र केळकरांच्या विवेचनात ही दोन्ही अंगे एकाच क्षणी नांदतात, असे गृहीत आहे. चित्रपटाच्या बाबतीत ती बहुधा निरनिराळ्या दर्शनांत वाटली जातात. पहिल्या वेळी तादात्म्य प्रबळ असते. विकल्प जागा होतो तो पुढच्या खेपेला. मौजेची बाब अशी की, विकल्प जागा झाला म्हणून डोळ्यांतील पाणी आटत नाही. ते वेगळ्या ठिकाणी येऊ लागते.

आरंभीचा प्रसंग घ्यावा. तुकाराम भजनात तल्लीन झालेला आहे. लगेच पुढे तीच रचना सालोमालो देवळात गाताना आणि स्वतःची म्हणून मिरवताना दिसतो. प्रथम पाहताना हा खलनायकाचा परिचय वाटतो. सालोमालोच्या आविर्भावामुळे हसू येते आणि प्रसंग पुढे सरकतो. कथानक ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र चित्रपटाची सारी चिंता येथेच मांडलेली दिसते : शब्द कोणाचा? सालोमालोचा उल्लेख गाथेतही आहे. वाशीकरांनी तो नुसता उचलला नाही, तर चित्रपटाच्या उंबरठ्यावर आणून ठेवला. पुढे रामेश्वरभट्ट शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होणे अमान्य करतात आणि वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ येते. तेथेही तंटा शब्दाच्या मालकीचाच आहे. एक जण तो चोरतो, दुसरा तो उच्चारण्याचा अधिकारच नाकारतो. हे दोन प्रसंग एकमेकांना जोडले जातात ते दुसऱ्या वा तिसऱ्या दर्शनात.

या संदर्भात शांताराम आठवले यांच्या गीताची हकिकत विसरता येत नाही. बीजापासून कोट्यवधी वृक्षांपर्यंतचा विस्तार सांगणारी आणि अखेर एकाच तत्त्वाकडे परतणारी त्यांची रचना या चित्रपटात आहे. ती तुकारामाचीच आहे असे असंख्य श्रोत्यांना वाटले आणि आजही अनेकांना वाटते. तिच्यात तुकारामाची नाममुद्रा नाही, एवढी एक खूण सावध श्रोत्याला पुरेशी होती. परंतु पागनीसांच्या तोंडून ऐकताना ती खूण कोण शोधणार? सालोमालो तुकारामाच्या रचनेला आपले नाव चिकटवतो. आठवल्यांच्या रचनेला लोकांनी आपण होऊन तुकारामाचे नाव चिकटवले. कवीला याहून मोठी पावती मिळणे कठीण, आणि त्याच्या नावाला याहून मोठा तोटाही. ही वस्तुस्थिती कळल्यानंतर ते गीत ऐकताना त्याची गोडी उणावत नाही. उलट चित्रपटाच्या मध्यवर्ती प्रश्नाशी त्याचे अनपेक्षित नाते जुळते. बाहेरून मिळालेली माहिती पुनर्दर्शनात कशी काम करते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तथापि 'संत तुकाराम' पुन्हा पाहण्याचे खरे कारण जिजाई आहे.

पहिल्या दर्शनी ती विनोदी पात्र वाटते. तिचे कडाकडा बोलणे, म्हशीवरची माया, नवऱ्याच्या विठोबाशी असलेले उघड वैर आणि स्वतःच्या मंगळाईवरील निष्ठा, या साऱ्यांवर प्रेक्षागृह हसते. संताची कजाग बायको हा कीर्तनकारांचा जुना, हुकमी विषय. चित्रपट त्याचाच आधार घेतो. पण मुलगा आजारी पडतो आणि जिजाई एका हाताने त्याला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात शिरते, तेव्हा हे हसू कोठे तरी अडते. पहिल्या खेपेला ते अडल्याचे जाणवतेच असे नाही, कारण लगेच चमत्कार होतो, मूल बरे होते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. दुसऱ्या खेपेला चमत्कार होणार हे माहीत असते. म्हणून दृष्टी वहाणेवर आणि ती धरणाऱ्या हातावर स्थिरावते. देवाशी असे भांडायला विलक्षण जवळीक लागते. नामदेवापासून मराठी संतांनी विठ्ठलाशी प्रेमाचे भांडण केले; जिजाईचे भांडण त्याच जातीचे आहे, फक्त तिच्याजवळ अभंग नाही. ज्या घरात एकाला वाणी मिळाली, त्याच घरात दुसरीच्या वाट्याला वहाण आली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

अभिनयाच्या अंगानेही हे तपासण्याजोगे आहे. पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. त्यांच्या तुकारामाच्या हालचालींत, मान कलवण्यात, आर्जवात जे मार्दव आहे, त्याचे मूळ तेथे शोधता येईल. उलट गौरी ही प्रभातमध्ये लहानसहान कामांतून पुढे आलेली स्त्री. तिचे चालणे, बसणे, ओरडणे यांत नाटकीपणाचा लवलेश नाही. जमिनीवर घट्ट पाय रोवून ती उभी असते. पहिल्या दर्शनात पागनीसांची तन्मयता मन वेधते, यात शंका नाही. परंतु वारंवार पाहताना गौरीचे काम वाढत जाते. तुकाराम जेथे होता तेथेच राहतो, कारण तो आधीच पोहोचलेला आहे. दरेक प्रसंगी बदलते ती जिजाई. शिवाजी महाराजांचा नजराणा घरी येतो तेव्हाचा तिचा आनंद आणि तो परत पाठवला जातो तेव्हाचे तिचे मोडून पडणे यांत संसाराची एक संपूर्ण कहाणी आहे. त्या नजराण्याचा त्याग हा तुकारामाच्या निरिच्छतेचा पुरावा म्हणून कीर्तनात सांगितला जातो. पण त्या त्यागाची किंमत कोणी मोजली, हे कीर्तन सांगत नाही. चित्रपट ते नुसते दाखवतो, आणि त्यावर भाष्य करीत नाही हे त्याचे मोठेपण.

याच्या तुलनेत चमत्काराची दृश्ये पुनर्दर्शनात फिकी होतात, हे मान्य केले पाहिजे. शिवाजी महाराजांना पकडावयास आलेल्यांना सर्वत्र शिवाजीच दिसू लागतो, तो प्रसंग त्या काळच्या तंत्राच्या दृष्टीने कौतुकास्पद. पण त्याचे कुतूहल एका खेपेतच सरते. सालोमालोने पाठवलेल्या कलावंतिणीचे हृदयपरिवर्तनही ठरीव वाटते. म्हैस मात्र शिळी होत नाही. दामले-फत्तेलाल यांना आकाशापेक्षा अंगण अधिक चांगले दिसत होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

आता आर्णीकडे वळता येईल. अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी आणि यात्रेसाठी ओळखले जाते. वारकरी संताचा चित्रपट घडवणाऱ्या जोडीतील एकाचे नाव शेख फत्तेलाल होते, याचे येथे कोणाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भोवतालची शेती मुख्यतः कोरडवाहू, कापसाची आणि अलीकडे सोयाबीनची. पाऊस आणि बाजारभाव या दोहोंवर हवाला ठेवणारी. गेल्या काही दशकांत यवतमाळ जिल्ह्याचे नाव महाराष्ट्रभर घेतले गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात. अशा परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थी जेव्हा जिजाईचे रिकामे घर पाहतो, तेव्हा त्याला ते सतराव्या शतकातले वाटतेच असे नाही.

चरित्रपरंपरेतील एक तपशील येथे आठवावा. सावकारीचा वारसा असलेल्या तुकोबांनी लोकांकडील येण्याच्या खतांपैकी निम्मी धाकट्या भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्या नदीत पुढे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तिच्याच पाण्यात आधी कर्जाचे कागद गेले होते. वह्या तरल्या; खते तरली नाहीत, आणि ती तरू नयेत अशीच बुडवणाऱ्याची इच्छा होती. हे ध्यानात ठेवून गाथेचा प्रसंग पाहिला की नदीकाठच्या त्या तेरा दिवसांना आणखी एक अर्थ येतो. कोणता कागद राहावा आणि कोणता जावा, हा प्रश्न कर्जाच्या ओझ्याखाली वाढलेल्या वाचकाला पुस्तकी वाटणार नाही.

अर्थात अशा वाचनात धोकाही आहे. कलाकृतीवर आपल्या परिसराचे दुःख लादले तर ती त्या दुःखाचे निमित्तमात्र होऊन बसते. १९३६ च्या चित्रपटाला एकविसाव्या शतकातील शेतीच्या अरिष्टाची कल्पना नव्हती, आणि तुकारामाच्या प्रयाणाची आत्मनाशाशी बरोबरी करणे हे तर अडाणीपणाचे होईल. दिलीप चित्रे यांचे 'पुन्हा तुकाराम' (१९९०), सदानंद मोरे यांचे 'तुकाराम दर्शन' (१९९६) आणि आ. ह. साळुंखे यांचे 'विद्रोही तुकाराम' (१९९७) या ग्रंथांनी तुकोबांकडे पाहण्याच्या वाटा बदलल्या. वैकुंठगमनाची कथाही प्रश्नांपलीकडे राहिली नाही. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' हा नवा चित्रपट केला तो या बदललेल्या वातावरणात. पण जुना चित्रपट या नव्या प्रश्नांपुढे निरुत्तर होत नाही. त्यात चमत्कार आहे, आणि त्या चमत्काराला राजी नसलेली एक बाईही आहे. ही साक्ष पटकथेतच असल्यामुळे ती बाहेरून आणावी लागत नाही.

वर्गात हा चित्रपट दाखवणाऱ्या अध्यापकाला एक व्यावहारिक अडचण भेडसावते. आता तो प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे. विद्यार्थी गाणी पाहतात, गाथेचा प्रसंग पाहतात आणि मधले सोडून देतात. ज्या काळी यात्रेतल्या तंबूत चित्रपट पाहिला जाई, तेव्हा मधले सोडण्याची सोय नव्हती, आणि शेजारचा केव्हा हसला व केव्हा गप्प झाला हेही कळत असे. जिजाईच्या वहाणेपाशी हसू कसे अडते, हे एकट्याने पाहताना समजणे अवघड आहे. म्हणून पहिले दर्शन समूहात आणि अखंड व्हावे, थांबवून पाहणे नंतरचे, एवढे पथ्य तरी पाळले जावे.

शेवटचा प्रसंग या पथ्याची परीक्षा घेतो. तुकाराम वैकुंठाला निघतो आणि जिजाईला सोबत बोलावतो. ती स्वयंपाकात आहे. मुले आहेत, घर आहे, म्हैस आहे. ती येत नाही. प्रथम पाहताना हा नकार तिच्या अज्ञानाचा वाटतो आणि प्रेक्षक काहीशा दयेने हसतो : मोक्ष दारी आला आणि हिला चुलीची पडली! पुन्हा पाहताना ध्यानात येते की, तिने विचारलेला प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर तुकारामाजवळ नाही. मुलांना कोण जेवू घालणार? गरुडविमान वर चढते, पुष्पवृष्टी होते, दिंडी नामघोष करते. जिजाई घराबाहेर येते तेव्हा ते बरेच वर गेलेले असते. आर्णीतल्या एखाद्या वर्गात हे दृश्य संपून दिवे लागतात, तेव्हा मुलींच्या बाकांवरून लगेच कोणी बोलत नाही.